पत्रांचे नमुने एका जागी

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

वसुली विभागाची एक नोटीस आज परत आली, तीही माणसासकट. कर्जदाराचं नाव बरोबर, खाते क्रमांक बरोबर, थकबाकी बरोबर. जामीनदार मात्र भलत्याच खात्यातला. ज्याचा या कर्जाशी काडीचा संबंध नाही तो गृहस्थ नोटीस फडकवत काउंटरवर उभा. मॅनेजरसाहेबांनी आत बसवून चहा दिला, दिलगिरीचं पत्र दिलं, तेव्हा कुठे शांत झाला.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या पतसंस्थेत पत्र कोणी नव्याने लिहीत नाही. मागचं पत्र उघडायचं, नाव-रक्कम बदलायची, ‘सेव्ह ॲज’ करायचं. जामीनदाराचं नाव नोटिशीत तीनदा येतं. दोन ठिकाणी बदललं जातं, तिसऱ्या ठिकाणी राहतं.

संध्याकाळी सगळ्या मशीनवरच्या वसुली नोटिसा छापून टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. एकीत व्याजदर जुना, एकीत सहीखाली मागच्या अध्यक्षांचं नाव, एकीत कलमाचा आकडाच गाळलेला. साहेब म्हणाले, “३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे. नोटीस सगळ्या सभासदांना जाणार. त्याआधी हे सरळ करा.” प्रशासनाचं टेबल माझं, म्हणून काम माझ्याकडे आलं.

बुधवार, ६ ऑगस्ट

प्रत्येक विभागाकडून नेहमीची पत्रं मागवली. कर्ज विभागाचं मंजुरीपत्र, सातबाऱ्यावर बोजा चढवण्याचं आणि उतरवण्याचं पत्र, बेबाकी दाखला. ठेव विभागाचं मुदत संपल्याचं पत्र आणि वारसाला द्यायचं पत्र. वसुलीचं पहिलं स्मरणपत्र, मागणी नोटीस, जामीनदाराची नोटीस, कलम १०१ खालच्या अर्जासोबत उपनिबंधकांकडे जाणारं पत्र. माझ्याकडची सभेची नोटीस, इतिवृत्त, शाखांची परिपत्रकं.

वसुलीचे अण्णा आपला कागद द्यायला तयार नव्हते. “ताई, माझी नोटीस वकिलांनी बसवून दिलेली आहे. तुम्ही अक्षर सुंदर करायला जाल आणि एखादं वाक्य उडेल.” त्यांचं म्हणणं खरं आहे. कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला की प्रकरण कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे जप्तीपर्यंत जाऊ शकतं. मधल्या प्रत्येक कागदाचे शब्द आणि तारखा समोरचा वकील तपासतो.

मी विचारलं, “अण्णा, आय नमुना आणि जे नमुना आपण कधी बदलतो का?” सभासद नोंदवही आय नमुन्यात, सभासदांची यादी जे नमुन्यात. सहकारी संस्थांच्या १९६१ च्या नियमांनी रकाने घालून दिलेत, राज्यभर तेच चालतात. कोणी लिपिक स्वतःच्या सोयीसाठी त्यात रकाना वाढवत नाही. आपल्या नोटिशीलाही तोच मान द्यायचा. मजकूर अण्णांचाच राहील. फक्त तो एका जागी राहील आणि त्यांच्या होकाराशिवाय बदलणार नाही. एवढं ऐकल्यावर अण्णांनी पेन ड्राइव्ह काढून दिला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

अण्णांची नोटीस माझ्या मशीनवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या फॉन्टमध्ये टंकलेली. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथेच मराठी दिसतं. पहिला नियम इथेच ठरला: सामायिक नमुन्याचा मजकूर युनिकोडमध्येच. रूपांतर करणारं साधन वापरलं, पण रफार आणि जोडाक्षरं अशा रूपांतरात घसरतात. म्हणून अण्णांना शेजारी बसवून ओळ न् ओळ मोठ्याने वाचली आणि जुन्या छापील प्रतीशी ताडून घेतली.

मग फॉन्ट कोणता, हा प्रश्न. मंगल सगळ्यांच्या ओळखीचा, पण विंडोज १० पासून तो प्रत्येक मशीनवर असेलच असं नाही. देवनागरीचे जादा फॉन्ट वेगळे उतरवून घ्यावे लागतात. निर्मला यूआय विंडोज ८ पासून सोबत येतो. शेवटी मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्ता घेतला. खुल्या परवान्याचा आहे, पैसे पडत नाहीत आणि ज्येष्ठ सभासदांना वाचायला सोपा जातो.

तो बसवताना एक खाचखळगा आहे. ठेव विभागातलं मशीन सकाळी एक मुलगी वापरते, दुपारी दुसरी. दोघींचं लॉगिन वेगळं. हल्लीच्या विंडोजमध्ये साधं ‘इन्स्टॉल’ म्हटलं की फॉन्ट त्या एका लॉगिनपुरता बसतो. सकाळी नीट दिसणारं पत्र दुपारी वेगळ्याच अक्षरात दिसायला लागतं आणि कोणाला कारण कळत नाही. राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडायचं.

सोमवार, ११ ऑगस्ट

आज नमुने बांधायला घेतले. साधी फाइल उघडली की तीच फाइल उघडते. नमुना फाइलीवर डबल क्लिक केलं की तिची बिननावाची नवी प्रत उघडते आणि सेव्ह करताना नाव मागते. मूळ फाइल तशीच राहते. वर्डमध्ये हा प्रकार डीओटीएक्स, लिबरऑफिसमध्ये ओटीटी. ओटीटी ऐकून कॅशियरने “कुठली सिरीज?” असं विचारलंच. आमच्याकडे वसुली आणि प्रशासनाकडे वर्ड, बाकीच्यांकडे लिबरऑफिस. लिबरऑफिसलाही डीओटीएक्स नमुना म्हणून चालतो, त्यामुळे तेवढा एकच प्रकार ठेवला आणि प्रत्येक नमुना दोन्हींकडे उघडून, छापून पाहिला.

ठळक करणं, मध्यभागी आणणं, असं हाताने काही ठेवलं नाही. विषय, संदर्भ, मजकूर, सही, प्रत रवाना, प्रत्येकासाठी एक स्टाइल. मराठीला इथे एक पायरी जास्त चढावी लागते. वर्ड काय, लिबरऑफिस काय, देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळ्या चौकटीत ठेवतात. फक्त वरची चौकट बदलली तर इंग्रजी अक्षरं बदलतात, मराठी जागची हलत नाहीत. स्टाइल बनवताना दोन्ही चौकटी भरायच्या आणि भाषा मराठी निवडायची.

लेटरहेड छापील, पहिल्या पानापुरतं. त्यासाठी लोक वरून एंटर दाबत येतात आणि मजकूर एका ओळीने वाढला की सगळं घसरतं. ‘डिफरंट फर्स्ट पेज’ घेऊन पहिल्या पानाचा हेडर रिकामा पण उंच ठेवला. मजकूर आपोआप खाली सरकतो, दुसऱ्या पानावर नेहमीसारखा वरून सुरू होतो.

जामीनदाराच्या नावाचा मूळ प्रश्नही सुटला. वर्डमध्ये क्विक पार्ट्सखाली ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टी’ म्हणून भरायच्या चौकटी मिळतात. तीच चौकट तीन ठिकाणी ठेवली की एकीत लिहिलेलं तिन्हींत उमटतं. तिसरं नाव मागे राहायची सोयच उरली नाही.

सर्वांत जास्त वेळ तारखेला दिला. ‘डेट’ नावाचं फील्ड दर वेळी आजचा दिवस दाखवतं. म्हणजे जूनमध्ये पाठवलेल्या नोटिशीची स्थळप्रत सप्टेंबरमध्ये पुन्हा छापली तर तिच्यावर सप्टेंबर. मुदत मोजायची त्या कागदावर हे चालणारच नाही. त्याऐवजी ‘क्रिएटडेट’ घेतलं. पत्र ज्या दिवशी तयार झालं त्याच तारखेवर ते थांबतं.

बुधवार, १३ ऑगस्ट

नमुने ठेवायचे कुठे? प्रत्येक मशीनवर एक प्रत दिली तर महिन्याभरात पुन्हा जितकी मशीन तितक्या नोटिसा. आतल्या खोलीतल्या फाइल सर्व्हरवर फोल्डर केला. आत वसुली, कर्ज, ठेव, प्रशासन असे उपफोल्डर. नवा कागद उघडताना हीच नावं गट म्हणून दिसतात.

परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते. एक शेअरिंगची, एक डिस्कवरच्या फोल्डरची, म्हणजे सिक्युरिटी टॅबमधली. दोन्हींत जी कडक ती लागू होते. वाचण्याची सगळ्यांना, बदलण्याची फक्त माझ्या लॉगिनला, आणि मी रजेवर असेन तेव्हासाठी साहेबांच्या. कॅशियरने विचारलं, “आम्हाला नुसतं वाचायचीच मुभा, मग पत्र सेव्ह कुठे करायचं?” प्रश्न रास्त होता. तयार पत्रांचा फोल्डर वेगळा केला, तिथे प्रत्येक विभागाला लिहिता येतं.

कॉम्प्युटरवाला नवी मशीन घेऊन आला होता. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय, म्हणून जुनी मशीन एकेक करून बदलायला काढलीत. नव्यांवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती. त्यांच्यावर सर्व्हरचा फोल्डर उघडेना. आमचा फोल्डर वर्षानुवर्षं बिनपासवर्डचा होता आणि ही आवृत्ती असा पाहुणा प्रवेश मुळात बंद ठेवते. “सेटिंग उलटं करून चालू करून देतो, दोन मिनिटांचं काम,” तो म्हणाला. नको म्हटलं. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेत बिनपासवर्डचा फोल्डर असायलाच नको. सर्व्हरवर प्रत्येक कर्मचाऱ्याचं खातं उघडलं. पासवर्डवरून दिवसभर कुरकुर ऐकली.

सोमवार, १८ ऑगस्ट

आजचं काम खुर्ची ते खुर्ची फिरण्याचं. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, अगदी तळाशी फाइल लोकेशन्स. तिथे ‘वर्कग्रुप टेम्प्लेट्स’ या ओळीत सामायिक फोल्डरचा पत्ता द्यायचा. जवळच ‘यूजर टेम्प्लेट्स’ ही ओळ असते. तिला हात लावायचा नाही. तिथे प्रत्येकाचा स्वतःचा नॉर्मल नमुना असतो. कॉम्प्युटरवाल्याने सुचवलं होतं की तोच सगळ्यांचा एक करून टाकू. पण वर्ड चालू असेपर्यंत नॉर्मल उघडा असतो आणि ज्याची त्याची सेटिंग त्यात साठत राहतात. सगळ्यांनी एकच वापरायचा म्हटलं तर रोज कोणाचं तरी अडणार.

पत्ता देताना झेड ड्राइव्ह वगैरे लिहिलं नाही. एका मशीनवर झेड म्हणजे सर्व्हर, दुसऱ्यावर पेन ड्राइव्ह. सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण पत्ता सगळीकडे सारखा राहतो. सर्व्हरचं नाव मात्र आता बदलायचं नाही. प्रत्येक पत्र आपल्या नमुन्याचा पत्ता सोबत बाळगतं, आणि तो सर्व्हर जागेवर नसला की जुनं पत्र उघडताना वर्ड त्याला शोधत ताटकळतं.

हे सेटिंग मशीनचं नाही, लॉगिनचं आहे. ठेव विभागाच्या एकाच मशीनवर ते दोन्ही मुलींसाठी वेगवेगळं करावं लागलं. डोमेन असलेल्या मोठ्या ऑफिसांत ग्रुप पॉलिसीने एका जागेवरून होतं. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, पाथ्स, टेम्प्लेट्स. तिथेही ज्याचं त्याचं वेगळं.

बुधवार, २० ऑगस्ट

रात्रभर पाऊस, सकाळी वीज नाही. इन्व्हर्टरवर काउंटर चालवला, फाइल सर्व्हर बंद ठेवावा लागला. नमुन्यांची यादी सगळीकडे रिकामी. दुपारी पाहिलं तर कर्ज विभागाच्या वहिनी डेस्कटॉपवरचं जुनं मंजुरीपत्र उघडून नाव बदलत होत्या. त्यांना काय बोलणार? सभासद समोर बसलेला, त्याला कागद हवा. शिस्त मोडायची नसेल तर ती वीज गेल्यावरही पाळता आली पाहिजे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

तोडगा निघाला. मूळ नमुने सर्व्हरवरच, पण प्रत्येक लॉगिनच्या स्वतःच्या फोल्डरात त्यांची प्रत. मशीन सुरू करून लॉगिन केलं की एक छोटी बॅच फाइल चालते. तिच्यात विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी, मिरर पर्यायासह. सर्व्हरवर नवा नमुना आला तर खाली उतरतो, सर्व्हरवरून काढला तर खालूनही जातो. कोणी आपल्या प्रतीत फेरफार केला तरी पुढच्या लॉगिनला मूळ परत येतं. एक काळजी घ्यावी लागते: फाइल मिळाली नाही तर रोबोकॉपी स्वतःच्या मर्जीने दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी तीस सेकंद थांबून. फेऱ्या आणि थांबा, दोन्ही आकडे कमी करून दिले.

वर्कग्रुप टेम्प्लेट्सचा पत्ता सगळीकडे या स्थानिक फोल्डरचा केला. पुन्हा खुर्ची ते खुर्ची. पण सर्व्हर बंद असला तरी नमुने हाताशी राहतात आणि सर्व्हरच्या नावाची चिंताही संपली. शाखांनाही हेच जमेल.

सोमवार, २५ ऑगस्ट

गणपतीची सुट्टी लागण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवलं. सांगायचं थोडंच होतं. पत्र हवं तर फाइल, न्यू आणि आपल्या विभागाचा नमुना. चौकटी भरा, बाकी मजकुराला हात लावू नका. रकमा आणि खाते क्रमांक संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून इंग्रजी आकड्यांत येतात, म्हणून पत्रातले सगळे आकडे तेच; अर्धे असे, अर्धे तसे नकोत.

वहिनींनी एक चौकट मुद्दाम रिकामी ठेवून पत्र छापलं. कागदावर ‘कर्जदाराचे नाव’ हेच शब्द उमटले. “हे काय बरं दिसतं?” त्या म्हणाल्या. बरं दिसत नाही, पण सही करताना साहेबांच्या नजरेतून सुटत नाही. दुसऱ्या माणसाचं नाव छापून जाण्यापेक्षा हे परवडलं.

कॅशियरला रक्कम अक्षरी आपोआप यायला हवी होती. त्याला मॅक्रो लागतो आणि मॅक्रोचा नमुना वेगळ्या प्रकारचा, डीओटीएम. तो उघडताना सुरक्षेचा इशारा येऊ शकतो. इशारा दिसला की ‘चालू करा’ दाबायचं, ही सवय मला ऑफिसात कोणालाच लावायची नाही. अक्षरी रक्कम हातानेच लिहायची.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, मग आपल्या लॉगिनमधून नमुन्यातलं एक वाक्य खोडून सर्व्हरवर सेव्ह करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तेव्हाच त्यांचा विश्वास बसला.

बुधवार, ३ सप्टेंबर

गौरी-गणपतीनंतरचा पहिला बदल अण्णांकडूनच आला. वकिलांनी मागणी नोटिशीतलं मुदतीचं वाक्य दुरुस्त करून दिलं. अण्णांनी तोंडी सांगितलं, मी कागद मागितला. वकिलांच्या सहीचा मसुदा फाइलला लागला, मग ऑफिस सुटल्यावर नमुना बदलला. फाइल कोणाकडे उघडी असताना बदलायला गेलं तर अडकते, म्हणून वेळ संध्याकाळचीच. तळाशी बारीक अक्षरात नमुन्याचा क्रमांक आणि आवृत्तीचा महिना. जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात ठेवली, नमुन्यांच्या फोल्डरात नाही. तिथे ठेवली तर तीही यादीत दिसेल आणि कोणीतरी तीच उचलेल.

साहेबांनी विचारलं, “आधी गेलेल्या नोटिसाही आता बदलल्या का?” नाही. नमुन्यातला मजकूर बदलला तरी आधी तयार झालेल्या पत्रांतला बदलत नाही. बदलू शकतात त्या फक्त स्टाइल, आणि त्याही ‘ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स’ वर खूण असेल तरच. ती खूण आम्ही कुठेच ठेवलेली नाही. टपालात पडलेला कागद दप्तरातही तसाच राहिला पाहिजे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

वार्षिक सभेची नोटीस आज छापून झाली. प्रशासनाच्या नमुन्यावरून एकच पत्र, सभासदांची यादी एक्सेलमधून, मेल मर्जने नाव आणि पत्ता. सगळ्या शाखांच्या नोटिसांवर तारीख, वेळ, स्थळ, विषयपत्रिका आणि अध्यक्षांचं नाव एकच. शिपाईमामांनी गठ्ठे बांधले आणि टपालात नेऊन दिले. वसुलीच्या नव्या नोटिसांपैकी एकही अजून चुकीच्या नावामुळे परत आलेली नाही.

फोल्डर, परवानग्या, फॉन्ट आणि रोबोकॉपी हे काम कोणताही जाणता कॉम्प्युटरवाला करून देईल. अण्णांना पेन ड्राइव्ह द्यायला लावणं आणि तोंडी बदल न स्वीकारणं हे ऑफिसलाच करावं लागतं, आणि नमुने टिकतात ते त्यावर. कोणाला आपल्या ऑफिसात हे करायचं असेल तर सुरुवात सर्व्हरपासून करू नका. आधी एका कागदावर तीन रकाने आखा: पत्र कोणतं, त्याचा मजकूर कोण ठरवणार, फाइल कोण बदलणार. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच नाव आलं, की मग फोल्डर उघडा.